१९५१ चा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल संघ: एकही सामना न हरता बाउलचे निमंत्रण का मिळाले नाही?

पानगळ (प्रश्न)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी, म्हणजे लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या फुटबॉलविषयी, वाचताना सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ च्या संघाची हकिगत पुन्हा पुन्हा समोर येते. ‘डॉन्स’ या नावाने ओळखला जाणारा हा संघ त्या हंगामात नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. प्रशिक्षक होते जो कुहॅरिक. तरीही नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या, निमंत्रणावरून खेळल्या जाणाऱ्या एकाही बाउल सामन्यात त्यांना खेळायला मिळाले नाही आणि काही आठवड्यांतच विद्यापीठाने फुटबॉल बंद केल्याचे जाहीर केले.

सर्वत्र सांगितली जाणारी हकिगत अशी आहे, की ओली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून येणार असाल तर बोलावतो, असे संघाला सुचवले गेले आणि संघाने ते साफ नाकारले. ही हकिगत ऐकायला चांगली वाटते, म्हणूनच ती जरा तपासून घ्यावी असे मला वाटते. अशी अट खरोखर घातली गेली होती का, आणि गेली असल्यास ती कोणी घातली? संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून निवड झाली नाही, असेही काही ठिकाणी वाचले. त्यात कितपत तथ्य आहे? आणि खेळ बंद करण्याचा निर्णय निमंत्रण हुकल्यामुळे झाला, की तो आधीच ठरलेला होता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोलपोस्ट

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर द्यायचे तर बाउल सामने त्या काळी कसे भरवले जात, हे आधी सांगावे लागेल, कारण आजच्यासारखी राष्ट्रीय स्तरावरची अंतिम फेरी तेव्हा अस्तित्वात नव्हती. हे सामने म्हणजे मुळात उबदार हवेच्या शहरांनी थंडीच्या दिवसांत पाहुणे यावेत म्हणून सुरू केलेले उत्सव होते. प्रत्येक शहरात स्थानिक प्रतिष्ठितांची एक समिती असे, आणि कोणत्या दोन संघांना बोलवायचे हे ती आपल्या मर्जीने ठरवत असे. पॅसाडिनाचा रोझ बाउल १९४७ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषद (परिषद म्हणजे नियमाने आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) आणि मध्य-पश्चिमेतील ‘बिग टेन’ परिषद यांच्यासाठी करारानेच राखून ठेवलेला होता. डॉन्स कोणत्याही परिषदेत नव्हते, त्यामुळे तो दरवाजा त्यांच्यासाठी पहिल्यापासून बंद होता. उरले ते मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लीन्सचा शुगर, डॅलसचा कॉटन, जॅक्सनव्हिलचा गेटर आणि एल पासोचा सन. ही सगळी शहरे फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांतील आहेत, आणि तिन्ही राज्यांत वर्णविभाजन तेव्हा कायद्यानेच चालत होते.

या शहरांत खेळायला जाणाऱ्या उत्तरेकडील संघांनी आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवावेत, अशी एक अलिखित रीत अनेक दशके चालत आली होती, आणि बहुतेक विद्यापीठे ती निमूटपणे पाळत असत. अपवाद होते, पण ते लक्षात राहावेत इतके थोडे होते. १९४६ मध्ये पेन स्टेटने वॉलेस ट्रिप्लेट आणि डेनिस हॉगार्ड यांना वगळण्याऐवजी मायामीतला सामनाच रद्द केला. पुढे याच दोघांना घेऊन ते १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये सदर्न मेथडिस्टविरुद्ध खेळले आणि सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील लाफायेट महाविद्यालयाला सन बाउलचे बोलावणे आले होते. डेव्हिड शोवेल या खेळाडूला मैदानात उतरू देणार नाही असे कळल्यावर त्यांनी ते परत केले. तेव्हा डॉन्सबाबत जे घडले असे सांगतात, ते त्या काळच्या चालीरीतींशी पूर्णपणे जुळणारे आहे.

प्रत्यक्ष पुराव्याचे म्हणाल, तर ‘या दोघांना वगळा’ असे लिहिलेले समितीचे पत्र कोणी दाखवलेले नाही, आणि असे पत्र असण्याची अपेक्षा ठेवणेही फारसे योग्य नाही, कारण असल्या अटी घालणारे त्या कागदावर आणत नसत. भिस्त आहे ती खेळाडूंनी पुढे अनेक वर्षे दिलेल्या साक्षींवर. जिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि इतर अनेकांनी सांगितलेल्या हकिगतीचा गाभा एकच आहे: मॅटसन आणि टोलर नसतील तर संघाचा विचार होऊ शकतो, असा निरोप कुहॅरिक यांच्यामार्फत आला, आणि त्यावर चर्चा करावी असेही कोणाला वाटले नाही. बहुतेकांच्या बोलण्यात नाव ऑरेंज बाउलचे येते. दक्षिणेकडील समित्या कृष्णवर्णीय खेळाडू असलेले संघ टाळत आहेत, ही कुजबुज सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडावर्तुळात त्याच सुमारास चालू होती, म्हणजे ही गोष्ट मागाहून रचलेली नाही. माझे मत असे, की अट होती. फक्त तिला ‘निमंत्रण नाकारले’ असे म्हणणे काटेकोर नाही, कारण रीतसर निमंत्रण त्यांच्या हाती कधी पडलेच नव्हते.

हे सगळे कोणत्या हंगामात चालले होते तेही लक्षात घ्यावे. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्यावर चेंडू त्याच्या हातात नसताना ठोसे लगावून त्याचा जबडा मोडण्यात आला. ‘डे मॉइन रजिस्टर’च्या दोन छायाचित्रकारांनी तो प्रसंग क्षणाक्षणाने टिपला आणि त्या छायाचित्रमालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. उघड्या मैदानात, कॅमेऱ्यांसमोर हे होत असेल, तर बंद दाराआडच्या समितीकडून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा कोणी करावी?

हिशेबी

गोलपोस्ट यांनी मांडलेल्या पार्श्वभूमीबद्दल माझा वाद नाही, परंतु दुसऱ्या शंकेकडे त्यांनी पाहिलेच नाही, आणि ती शंका झटकून टाकण्यासारखी नाही.

डॉन्सचे त्या हंगामाचे वेळापत्रक उघडून पाहावे. सॅन होजे स्टेटशी ते एकाच हंगामात दोनदा खेळले. नऊपैकी दोन प्रतिस्पर्धी तर महाविद्यालये नव्हतीच. कॅम्प पेंडलटन हा मरीन सैनिकांचा तळ आणि दुसरे सॅन डिएगोचे नौदल प्रशिक्षण केंद्र. कोरियाचे युद्ध चालू असल्याने अशा तळांवर चांगले खेळाडू भरती होऊन आलेले असत हे मान्य, तरी निवड समितीच्या डोळ्यांत भरावे असे ते विजय नव्हते. याच भागातील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही दोन मोठी विद्यापीठे त्या वर्षी वेळापत्रकात नव्हती. पूर्वेकडे जाऊन न्यूयॉर्कमध्ये फोर्डमशी खेळलेला सामना हा संघाला देशभर नाव मिळवून देणारा एकमेव सामना होता, आणि तो त्यांनी ३२-२६ असा, म्हणजे अवघ्या सहा गुणांनी जिंकला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या महाविद्यालयीन संघांच्या अखेरच्या क्रमवारीत ते चौदाव्या स्थानी होते. ऑरेंज बाउलने ज्यांना घेतले ते जॉर्जिया टेक आणि बेलर हे दोन्ही संघ दक्षिणेकडील मातब्बर परिषदांतून आलेले होते, आणि जॉर्जिया टेक तर संपूर्ण हंगामात एकही सामना हरले नव्हते. त्यामुळे वर्णभेदाचा प्रश्न नसता तरीही डॉन्स नक्की निवडले गेले असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

याच्या उलट जाणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नोव्हेंबरमध्ये डॉन्सनी स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला. हा सामना जिंकणाऱ्याला बाउलचे दार उघडेल, असे सर्वांना वाटत होते. दार उघडले, पण हरलेल्यांसाठी! पॅसिफिकला सन बाउलचे बोलावणे आले आणि तेथे ते टेक्सास टेककडून २५-१४ असे हरले. केवळ गुणवत्तेचा आणि वेळापत्रकाचा विचार झाला असेल, तर या निवडीचा अर्थ लागत नाही. गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही, कारण पॅसिफिकच्या संघातही एडी मेकन हा चेंडू घेऊन धावणारा कृष्णवर्णीय खेळाडू होता. म्हणजे ‘दक्षिणेकडचे सगळे बाउल सारखेच बंद’ हे विधानही १९५१ अखेर तंतोतंत खरे नव्हते. टेक्सासच्या अगदी पश्चिम टोकाचे एल पासो आणि फ्लोरिडातील मायामी यांना एका मापाने मोजू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

गोलपोस्ट

हिशेबी यांचा पॅसिफिकविषयीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला तो मान्य आहे. वेळापत्रकाबाबत मात्र एक भर घालतो.

वेळापत्रक दुबळे होते हे खरे, पण ते त्यांनी हौसेने तसे आखलेले नव्हते. मोठ्या परिषदांतील विद्यापीठांना अशा संघाशी खेळून मिळवायचे काहीच नसे: जिंकले तर कोणी कौतुक करणार नाही आणि हरले तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून मिळतील ते प्रतिस्पर्धी घ्यावे लागत. संघाची ताकद प्रतिस्पर्ध्यांवरून नीट कळत नसेल, तर ती खेळाडूंवरून जोखावी. त्या एका संघातून नऊ जण राष्ट्रीय फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेत खेळले, आणि त्यांपैकी मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात पोहोचले. चौदाव्या क्रमांकाच्या वरचे संघ घेऊन बसावे आणि त्यांतील कोणाकडे असे तिघे होते ते पाहावे. चढाईची सूत्रे सांभाळणारा क्वार्टरबॅक एड ब्राउन पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून खेळला, आणि त्याच्याबद्दल तर या चर्चेत कोणी बोलतही नाही!

मॅटसनचा त्या हंगामातला खेळ आकड्यांत सांगायचा तर नऊ सामन्यांत १,५६६ यार्ड धाव आणि २१ टचडाउन (म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे). दोन्ही बाबतींत देशात त्याच्यापुढे कोणी नव्हते. हिशेबी यांनी ज्या फोर्डम सामन्याकडे बोट दाखवले, त्यात त्याने दोन वेळा किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना प्रतिपक्षाने लाथेने उडवलेला, चेंडू झेलून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेत टचडाउन केले. शंभर यार्डांच्या मैदानावर प्रतिपक्षाचे अकराही जण समोरून धावून येत असताना नव्वद यार्डांच्या पल्ल्याची धाव एकदा साधली तरी खेळाडूच्या हयातीची आठवण होते. याने ती एकाच दुपारी दोनदा साधली. शिवाय नियमाने चढाई आणि बचाव यांसाठी वेगवेगळे खेळाडू उतरवण्याची मुभा असतानाही तो दोन्हीकडे खेळत असे. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइस्मन पुरस्कार प्रिन्स्टनच्या डिक काझ्मायरला मिळाला आणि मॅटसनचे नाव त्या मतदानात बरेच खाली राहिले. काझ्मायर उत्तम खेळाडू होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या नजरेच्या टप्प्यात असण्याचा फायदा त्याला झाला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

केझारजवळचा

मी गेली काही वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, आणि तिसऱ्या शंकेबद्दल थोडे लिहू शकतो.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट धर्मगुरूंनी चालवलेली, विद्यार्थिसंख्येने लहान अशी संस्था होती. तिचे सामने गोल्डन गेट उद्यानाच्या आग्नेय कोपऱ्यातील केझार स्टेडियमवर होत. आज तेथे लहानसे मैदान आहे, कारण जुने स्टेडियम १९८९ मध्ये पाडले गेले; परंतु तेव्हा त्यात सुमारे साठ हजार माणसे बसू शकत. समुद्रावरून येणारे धुके उद्यानाच्या झाडांवरून घरंगळत थेट मैदानावर उतरते, आणि सामना संपता संपता सीगल पक्ष्यांचे थवे प्रेक्षकांनी टाकलेले खाद्य टिपायला येतात, असे वर्णन त्या काळच्या माणसांकडून हमखास ऐकायला मिळते. एवढ्या प्रचंड स्टेडियममध्ये छोट्या महाविद्यालयाच्या सामन्याला जमलेली गर्दी विरळच दिसायची, आणि भाडे, प्रवास, शिष्यवृत्त्या यांचा खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नसे.

त्यात १९४६ पासून फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ त्याच केझारवर खेळू लागला, आणि १९५० मध्ये तो राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सामील झाला. रविवारी व्यावसायिकांचा खेळ पाहायला मिळत असताना आदल्या दिवशी महाविद्यालयाच्या सामन्यासाठी पुन्हा पैसे मोजणारे किती असणार? हा फटका एकट्या डॉन्सना बसला नाही. याच परिसरातील सेंट मेरीज या कॅथलिक महाविद्यालयाने १९५० च्या हंगामानंतर मोठ्या स्तरावरचे फुटबॉल सोडले, लॉस एंजेलिसच्या लोयोलाने १९५१ नंतर आणि सँटा क्लाराने १९५२ नंतर. डॉन्सनी हंगामातील शेवटचा सामना ज्या लोयोलाविरुद्ध २०-२ असा जिंकला, त्या लोयोलाचाही तो अखेरचाच ठरला. सामना झाला तो पॅसाडिनाच्या रोझ बाउल स्टेडियमवर. करारामुळे ज्या उत्सवात त्यांना प्रवेश नव्हता, त्याच उत्सवाच्या मैदानावर या दोन संघांनी निरोपाचा सामना खेळावा, हा योग विचित्रच म्हणायचा.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की दुखणे जुने होते आणि बाउलची रक्कम हा त्यावरचा शेवटचा उपाय होता. फुटबॉलमुळे विद्यापीठाला दरवर्षी मोठी तूट सोसावी लागत होती आणि हे संघालाही ठाऊक होते. नववर्षाच्या एका मोठ्या सामन्याच्या उत्पन्नातून ती बव्हंशी भरून निघाली असती आणि कदाचित आणखी एक-दोन हंगाम निभावले असते. माझ्या मते या हकिगतीचा खरा वजनदार भाग येथे आहे. मॅटसन आणि टोलर यांच्याशिवाय जायला नकार देताना बाकीच्या मुलांना फक्त एका सहलीवर पाणी सोडायचे नव्हते. आपला खेळच बंद पडू शकतो, याची कल्पना त्यांना होती. त्यांपैकी कित्येक जण शिष्यवृत्तीवर शिकत होते. मार्केटीसारखे काही जण तर दुसऱ्या महायुद्धातून परतून महाविद्यालयात आलेले होते. मार्केटी अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि बल्जच्या लढाईत लढला होता.

हंगामापूर्वीच्या सरावाविषयीही दोन शब्द लिहितो. कुहॅरिक यांनी संघाला सॅक्रामेंटो खोऱ्यातील कॉर्निंग या गावी नेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड धुक्याला सरावलेल्या मुलांना तेथला ऑगस्टमधला उन्हाळा म्हणजे भट्टीच. जमीन कडक, दिवसातून अनेकदा कसरत, आणि प्रशिक्षक असा की घोटभर पाण्यालाही सहज हो म्हणणार नाही. त्या काळी पाणी न देणे हा शिस्तीचाच भाग समजला जात असे. पुढे व्यावसायिक लीगमध्ये कित्येक वर्षे काढलेल्या खेळाडूंनीही कॉर्निंगइतका कठीण सराव पुन्हा केला नाही, असे सांगितले आहे. ही मुले एकमेकांना इतकी घट्ट धरून का होती, याचे उत्तर मला डिसेंबरपेक्षा त्या ऑगस्टमध्ये अधिक दिसते.

पानगळ

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पॅसिफिकची निवड आणि तुटीचा भाग मला पूर्णपणे नवा होता. आणखी दोन गोष्टी विचारतो. संघाने मतदान करून नकार दिला, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे आहे का? आणि मॅटसन व टोलर यांचे पुढे काय झाले?

गोलपोस्ट

मतदानाबद्दल खेळाडूंच्या आठवणी एका सुराच्या नाहीत, परंतु बहुतेकांनी मत घेण्याची गरजच पडली नाही असेच सांगितले आहे, आणि मला ते अधिक पटते. हात वर करून मत दिल्याचे दृश्य लेखकांना सोयीचे असते, म्हणून ते टिकून राहिले असावे.

व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंना पाळीपाळीने निवडून घेतात, त्या १९५२ च्या निवडीत मॅटसनला शिकागो कार्डिनल्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतले, आणि कुहॅरिकही त्याच वर्षी कार्डिनल्सचे प्रशिक्षक झाले. व्यावसायिक कारकीर्द सुरू करण्याआधी मॅटसन हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटरमध्ये कांस्य, तर ४×४०० मीटर रिलेमध्ये रौप्य पदक घेऊन आला. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याच्या एकट्याच्या बदल्यात कार्डिनल्सना नऊ जण दिले. रॅम्सच्या बाजूने हा सौदा ठरवणारे व्यवस्थापक होते पीट रोझेल, जे १९५१ मध्ये डॉन्सचे प्रसिद्धीप्रमुख म्हणून वार्ताहरांना मॅटसनची महती सांगत हिंडत असत. पुढच्याच वर्षी रोझेल संपूर्ण लीगचे आयुक्त झाले.

टोलरच्या वाट्याला खेळाडू म्हणून व्यावसायिक मैदान आलेच नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोतील महाविद्यालयीन ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा कायमचा दुखावला. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतील बेंजामिन फ्रँकलिन शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये, रोझेल आयुक्त असताना, राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील पहिला कृष्णवर्णीय सामना अधिकारी म्हणून नेमला गेला. जानेवारी १९८० च्या सुपर बाउलमध्येही, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातही, तो अधिकारी होता. सोबत खेळलेल्यांपैकी अनेकांनी, संघातला सर्वांत चांगला खेळाडू मॅटसन नव्हे तर टोलर होता, असे म्हटलेले आहे.

हिशेबी

पूरक म्हणून एक नोंद करतो. दक्षिणेकडील बाउलमधला हा वाद १९५१ मध्ये मिटला नाही. जानेवारी १९५६ च्या शुगर बाउलसाठी पिट्सबर्गचा संघ बॉबी ग्रिअर या कृष्णवर्णीय खेळाडूसह येणार म्हटल्यावर जॉर्जियाचे राज्यपाल मार्विन ग्रिफिन यांनी जॉर्जिया टेकला खेळण्यापासून रोखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा टेकच्याच विद्यार्थ्यांनी राज्यपालांविरुद्ध निदर्शने केली. सामना झाला आणि टेकने तो ७-० असा जिंकला. त्या एकमेव टचडाउनचा मार्ग मोकळा झाला तो ग्रिअरविरुद्ध दिलेल्या एका निर्णयामुळे, आणि तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर अजूनही लोक भांडतात. त्यासाठी हवा तर वेगळा धागा काढावा. मी तेथे लिहीन.